हरकत नोंदवायची आहे. कुणी आधी नोंदवली आहे का?

माळावरची (३ जून, रात्री ९:१४)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आणि घाईत लिहिते आहे.

आमच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी ठेवायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झालाय. नकाशा पालिकेच्या जिन्यात लावलाय. परवा पाणीपट्टी भरायला गेले होते, रांग मोठी होती म्हणून नकाशासमोर उभी राहिले. आपलं घर, देऊळ, बाजारतळ असं शोधता शोधता शाळेमागच्या माळावर आले आणि पोटात गोळा आला. जुन्या आराखड्यात तिथे 'खेळाचे मैदान' होतं, नव्यात तिथे पिवळा रंग. पिवळा म्हणजे रहिवासी, हे शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी सांगितलं. मैदान कुठे गेलं म्हणून बघितलं तर बायपासच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला.

त्या शाळेत मी १९ वर्षं शिकवलं. शाळेला स्वतःचं पटांगण जेमतेम प्रार्थनेपुरतं. मुलींचा खो-खोचा संघ दोनदा जिल्ह्याला गेला तो या माळावर सराव करून. पावसाळ्यात शेळ्या, उन्हाळ्यात क्रिकेट, पोळ्याला बैल, दसऱ्याला सोनं लुटायला अख्खं गाव तिथे जमतं.

नोटिशीत लिहिलंय की 'हरकती व सूचना लेखी स्वरूपात सादर कराव्यात'. मुदतीतले १८ दिवस उरलेत. मी आयुष्यात कधी हरकत लिहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी लिहिली आहे का? काय लिहायचं असतं? ३०० पालकांच्या सह्यांचं एक निवेदन द्यावं की ३०० वेगवेगळी पत्रं? आणि खरं सांगा, कुणी वाचतं का ते?

कट्टेकरी (३ जून, रात्री ९:५१)

मन मोडायचं नाहीये ताई, पण विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या वेळी आमच्या गल्लीतल्या ४२ घरांनी हरकती दिल्या. सुनावणीला बोलावलं, सगळ्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत. मला बोलायला मिळालं ते 'नाव सांगा' आणि 'तुमचं म्हणणं नोंदवलंय' यांच्या मधल्या वेळात. रस्ता होता तसाच राहिला.

पुण्याचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा आला, त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. लोकांनी रांगा लावून दिल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन स्वतःची समिती नेमली आणि मंजुरी आली २०१७ च्या जानेवारीत. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या कागदाचं काय झालं ते कधी कळलं का?

वर्षाऋतू (३ जून, रात्री १०:०२)

वाचतेय. आमच्याकडेही आराखडा येऊ घातलाय.

जुना_आरेखक (४ जून, सकाळी ७:२०)

माळावरची, मी ३१ वर्षं नगररचनेत आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, होतो. हरकतींचे गठ्ठे मी स्वतः सोडले आहेत. कट्टेकरींचा राग मला समजतो, त्यांच्यासारख्यांना त्या खोलीतून बाहेर जाताना मी पाहिलंय. पण 'कुणी वाचत नाही' हे खरं नाही. कसं वाचलं जातं ते सांगतो, म्हणजे कसं लिहायचं ते आपोआप कळेल.

हरकत आली की तिला आवक क्रमांक पडतो आणि ती नोंदवहीत चढते. मग एक तक्ता तयार होतो: अनुक्रमांक, नाव, जागेचा सर्व्हे नंबर, हरकतीचा गोषवारा, कार्यालयाचा अभिप्राय, हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीची शिफारस. तुमचं चार पानी पत्र समितीपुढे जातं तेव्हा मुख्यतः त्या गोषवाऱ्याच्या रकान्यातून जातं. तो रकाना दोन बोटं रुंद असतो आणि तो भरणारा माणूस दिवसाला शंभरेक पत्रं हाताळत असतो. पत्राच्या सुरुवातीला 'सुजाण नागरिक या नात्याने' आणि 'क्रीडासंस्कृतीचा ऱ्हास' असं असेल तर गोषवाऱ्यात येतं 'मैदानाबाबत हरकत'. एवढंच. त्यावर अभिप्राय येतो 'नियोजनाच्या दृष्टीने प्रस्ताव योग्य', आणि संपलं.

म्हणून गोषवारा तुम्हीच लिहून द्या. पहिलं वाक्य असं हवं: सर्व्हे नंबर अमुक, जुन्या आराखड्यातलं आरक्षण क्रमांक तमुक, खेळाचे मैदान, हे कायम ठेवावे. दुसऱ्या वाक्यात कारण. बाकी सगळं त्याखाली.

सह्यांबद्दल: एकाच मजकुराच्या ३०० प्रती आल्या की आम्ही त्यांचा एक गठ्ठा करायचो आणि सगळ्यांवर एकच शेरा पडायचा. ३०० चा आकडा दिसतो, त्याचं वजन नाही असं नाही. पण पाच वेगळी माणसं पाच वेगळी कारणं लिहितात तेव्हा अभिप्राय देणाऱ्याला पाच उत्तरं शोधावी लागतात. मुख्याध्यापकांनी पटसंख्या आणि शाळेच्या पटांगणाचं माप लिहावं. मुलींच्या संघातल्या एखादीने लिहावं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने लिहावं.

आणखी एक. 'ओढ्याकाठची जागा मैदानाला वाईट' या मुद्द्यावर जोर देऊ नका. ओढ्याकाठी इमारत नको, मैदान चालेल, असा विचार नियोजनात सर्रास करतात आणि तो चुकीचा नाही. तुमचा खरा मुद्दा बायपास आहे. सहावीतली मुलगी शाळा सुटल्यावर महामार्ग ओलांडून खेळायला जाणार का? शाळेच्या फाटकापासून नव्या जागेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि नकाशावर काढून द्या. नकाशा जोडलेली हरकत शंभरात दोन-तीन असायच्या, आणि त्या आम्ही बाजूला काढून ठेवायचो.

पालिकेत आराखड्याचा अहवालही मिळतो, नकाशासोबतची जाड वही. लोकसंख्येच्या मानाने किती मोकळी जागा हवी आणि किती दिली याचा हिशेब त्यात असतो. पैसे भरून प्रत घ्या. त्यांच्याच आकड्यांवर बोट ठेवून बोललेलं समितीला टाळता येत नाही.

माळावरची (४ जून, सकाळी ८:०५)

तुमचे कसे आभार मानू! आजच अहवालाची प्रत मागते.

खाडीकाठ (४ जून, दुपारी १:३३)

कट्टेकरी, मुंबईची गोष्टही सांगायला हवी. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला आणि लोकांनी तो अक्षरशः गल्लीगल्लीत नेऊन तपासला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, शाळा-रुग्णालयांच्या नोंदी चुकलेल्या, वारसा वास्तू गायब, आरे कॉलनीत विकास केंद्र. ६५ हजारांच्या आसपास हरकती गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडाच मागे घ्यायला लावला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि आराखडा लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. सगळं हवं तसं झालं असं मी म्हणणार नाही, पण कागदांच्या ढिगापुढे अख्खा आराखडा थांबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि त्याआधीची पायरी फार महत्त्वाची होती. आराखड्याआधी 'विद्यमान जमीन वापर नकाशा' करतात, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. त्यात आमचे कोळीवाडे, गावठाणं, आदिवासी पाडे नीट दाखवलेलेच नव्हते. जे आज आहे म्हणून दिसत नाही, ते उद्या असावं असं कोण ठरवणार? 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या नावाने वस्त्यांतले लोक, संस्था, विद्यार्थी एकत्र आले आणि आपल्या भागाचे नकाशे तपासू लागले. मी तेव्हा आमच्या वाडीत जाळी सुकवायच्या जागा मोजत फिरत होतो. मासळी सुकवायची जागा परक्या माणसाला रिकामी जमीन वाटते. ती आमची फॅक्टरी आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

बोरकुट (४ जून, दुपारी २:१०)

आपल्या लोकांचा मूळ प्रॉब्लेम सांगू? पायावर पाय पडला, 'काही हरकत नाही'. चहात साखर कमी, 'काही हरकत नाही'. मैदान गेलं तरी तेच. तोंडाला सवयच नाही हो 'हरकत आहे' म्हणायची!

वर्षाऋतू (४ जून, दुपारी २:१८)

:-) बोरकुट, हे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिणार मी.

सातबारा (४ जून, रात्री ८:४७)

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. कटू वाटेल.

माझ्या आईच्या नावावर १८ गुंठे. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, तेवढाच तुकडा हातात राहिला. त्यावर उद्यानाचं आरक्षण पडलं, त्याला आता २६ वर्षं झाली. पालिकेने एक रुपया दिला नाही, एक झाड लावलं नाही. घर बांधायला परवानगी नाही, बँक तारण घेत नाही, विकायला गेलं तर लोक अर्धी किंमत सांगतात. बहिणीचं लग्न आम्ही व्याजाने पैसे काढून केलं, आणि स्वतःची जमीन समोर दिसत होती.

महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात सोय आहे, मला माहीत आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा वकिलाची फी परवडत नव्हती.

त्या काळात शहरातले चांगले चांगले लोक वर्तमानपत्रात लिहायचे, 'उद्यानाचं आरक्षण वाचलंच पाहिजे'. त्यातला एकही माणूस आईला भेटायला आला नाही. माळावरची ताई, तुमच्या भावना खऱ्या आहेत, पण तुमचा तो माळ आहे कुणाचा? सात-बारा काढून बघितलात का?

जुना_आरेखक (४ जून, रात्री ९:२५)

सातबारा, तुम्ही लिहिलंत ते एकन् एक अक्षर खरं आहे. नकाशावर हिरवा रंग भरताना त्याखाली कुणाचं नाव आहे ते आमच्यासमोर नसायचं. निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त याचंच वाईट वाटतं.

माळावरची (४ जून, रात्री ११:०९)

सातबारा, मी निरुत्तर झाले. १९ वर्षं त्या माळावर उभी राहिले आणि तो कुणाचा हे मला खरंच माहीत नाही. उद्या तलाठी कार्यालयात जाते.

वाडीवस्ती (५ जून, सकाळी ६:५८)

शहरवाल्यांच्या गप्पा वाचल्या, आता आमच्या ग्रामसभेचं ऐका. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला आपण घरी बसलो की दुसऱ्या सभेत पंधरा माणसं गावाचा निर्णय घेतात. दोष त्या पंधरांचा नाही, घरी बसलेल्यांचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या जागेचा ठराव झाला. सभेत एक ठरलं, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, दुसरंच आलं. कळलं चार महिन्यांनी. तेव्हापासून आम्ही दहाजण सभा संपल्यावर उठत नाही. प्रोसिडिंग मोठ्याने वाचायला लावतो आणि मगच सह्या करतो. रात्र होते, बायको ओरडते, पण बसतो.

आणखी एक सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं कागदावरच व्हायची. एका वर्षी आशाताईंनी आणि बचतगटाच्या बायकांनी ती खरंच भरवली, मारुतीच्या पारावर. पुरुषांच्या सभेत वीस वर्षं रस्ता आणि सभामंडप याच्यावर भांडण. बायकांच्या पहिल्याच सभेत पहिला विषय निघाला तो हागणदारीच्या वाटेवरच्या दिव्याचा. तीन महिन्यांत दिवा लागला.

सागरवेल (५ जून, सकाळी १०:४०)

वाडीवस्ती, प्रोसिडिंग वाचून घेण्याचा मुद्दा लाखमोलाचा. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीतही हेच आहे. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती सुनावणी भरवतं, किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. लोक भाषण करून टाळ्या घेऊन निघून जातात. इतिवृत्त वाचताना थांबणारे आम्ही सात-आठजण असायचो. पण तिथेच 'अमुक गावच्या मच्छीमारांनी पाठिंबा दिला' हे वाक्य आम्ही खोडायला लावलं.

अडचण भाषेची असते. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत शेकडो पानांचा, मराठीत सारांश तेवढा. आमच्या गावात बारावी झालेल्या तीन मुलींनी एकेक प्रकरण वाटून घेतलं आणि रोज संध्याकाळी देवळात वाचून सांगितलं. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत द्या असा आदेश दिला होता. माझ्या आजीला ज्या भाषेत घाबरायचं कळतं त्या भाषेत तिला विचारायला नको का?

जर्सीकर (५ जून, रात्री ८:१५)

इकडे न्यू जर्सीत १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्ट आहे. टाउन कौन्सिलच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. आणि नवा स्थानिक नियम करायचा तर आधी मांडायचा, छापायचा आणि अंतिम मंजुरीच्या आधी त्यावर जाहीर सुनावणी. आमच्या गावात बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा फुटपाथबद्दल बोललो. आईबाबा तीन महिने इकडे राहायला आले की फिरायला जाणार कुठे, रस्त्याला कडेने चालायची जागाच नाही, एवढंच. हात थरथरत होते. त्या रात्री एका अनोळखी आजींनी येऊन सांगितलं की त्यांच्या गुजराती शेजाऱ्यांचंही हेच म्हणणं आहे. पुढच्या बैठकीला आम्ही नऊजण होतो.

कट्टेकरी (५ जून, रात्री ८:३०)

आणि फुटपाथ?

जर्सीकर (५ जून, रात्री ८:५२)

अर्ध्या रस्त्याला झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी अजून जातो.

मांडवीकाठ (६ जून, सकाळी ९:११)

आमच्या गोंयात ग्रामसभा रविवारी असते आणि जेवणं थंड होईपर्यंत चालते. :-)

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्रादेशिक आराखडा २०११ (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) अधिसूचित झाला तेव्हा डोंगर, शेतं आणि बागायती कशा वसाहतीत टाकल्यात ते लोकांनी वाड्यावाड्यावर नकाशे पसरून पाहिलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारने तो आराखडा मागे घेतला. पुढचा आराखडा करताना मसुदे गावोगाव पाठवावे लागले. माझ्या वडिलांनी आमच्या गावची समिती बसवून शेतातल्या पाण्याच्या वाटा नकाशावर निळ्या पेनाने काढल्या होत्या. तो कागद अजून घरात आहे.

पण सगळ्यांना सावध करते. मोठा आराखडा लोक जागे राहून अडवतात, मग बदल बारक्या बारक्या तुकड्यांनी येतात. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, एकेका भूखंडाची 'चूक दुरुस्ती' म्हणून. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ मध्ये कलम ३९अ आलं, त्यात झोन बदलण्याआधी ३० दिवस सूचना मागवतात. आता आमच्या गावात आम्ही आळीपाळीने राजपत्र वाचतो. या महिन्यात माझी पाळी.

जुना_आरेखक (६ जून, सकाळी १०:३०)

मांडवीकाठ यांनी नेमकं बोट ठेवलंय. आपल्याकडे तेच कलम ३७. आराखडा मंजूर झाल्यावर किरकोळ फेरबदल करायचा तर त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात, आणि पुन्हा हरकती. ती जाहिरात 'हरवले आहे' आणि 'नावात बदल' यांच्या शेजारी छापलेली असते. मैदानं आराखड्यात जितकी जातात, त्याहून जास्त अशा फेरबदलांत जाताना मी पाहिली आहेत, कारण तेव्हा जिन्यात नकाशा लागलेला नसतो.

टेकडीवाला (६ जून, दुपारी १२:०५)

एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही. 'हरकती व सूचना' असं म्हणतात, पण लोक फक्त हरकती देतात. जे चांगलं आहे त्याला पाठिंबा कुणी लिहून देत नाही. पुण्यात समाविष्ट २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर ९७८ हेक्टर जागा जैववैविध्य उद्यान म्हणून राखली होती. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांनी हरकती देणं साहजिकच. सातबारा यांची व्यथा वाचून ते आणखी कळतं. पण टेकडीवर रोज फिरायला जाणारे, टेकडीखाली विहिरीचं पाणी पिणारे मुळातच कागदावर नसते, तर तक्त्यात एकच बाजू दिसली असती. म्हणून आम्ही पाठिंब्याच्या सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली. २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण कायम ठेवलं, मालकांना आठ टक्के टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन. तो मोबदला पुरेसा की नाही यावर आजही वाद आहे, आणि तो वाद रास्त आहे.

रानजाई (६ जून, दुपारी १२:४०)

अवांतर: झाडं तोडण्याच्या परवानगीची नोटीस झाडावरच लावलेली असते. आमच्या शहरात हरकतीला सात दिवस देतात. मॉर्निंग वॉकला जाताना झाडाच्या बुंध्याकडे बघत जा. मी आतापर्यंत सहा झाडांसाठी पत्रं दिली, दोन वाचली. त्यातला एक बहावा आहे, मे महिन्यात पिवळाधम्मक होतो.

पोचपावती (६ जून, दुपारी ३:०२)

आवक-जावकच्या खिडकीतून पोच घेतल्याशिवाय हलू नका. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख, आवक क्रमांक. 'ठेवा इथे, बघतो' असं म्हणाले तरी उभं राहायचं. सुनावणीत 'तुमची हरकत मुदतीत आलेली नाही' असं मला सांगितलं होतं, मी पोच पुढे केली आणि बोलायला मिळालं.

आणि कट्टेकरी, आपल्या कागदाचं काय झालं ते कळतं. माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. नियोजन समितीच्या अहवालातली आपल्या अनुक्रमांकाची ओळ मागा. मी मागितली होती. माझ्या हरकतीसमोर लिहिलं होतं 'अंशतः मान्य'. मला वाटत होतं ती केराच्या टोपलीत गेली.

कट्टेकरी (६ जून, रात्री १०:१६)

हे मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी धरूनच चाललो होतो. उद्या अर्ज टाकतो, जुना असला तरी.

माळावरची (९ जून, रात्री ८:२०)

तलाठी कार्यालयात जाऊन आले. माळाचे दोन गट आहेत. शाळेला लागून असलेला गट नगरपरिषदेच्या नावावर, सुमारे तीन एकर. पलीकडचा दीड एकराचा गट एका कुटुंबाच्या नावावर.

काल त्यांच्या घरी गेले. सत्तरीच्या आजी, सून आणि नातू. नातवाला मी पाचवीत शिकवलं होतं. आजी म्हणाल्या, 'बाई, पोरं खेळतात ते बघायला मलाबी गोड वाटतं. पण माझ्या पोराला बांधायला चार भिंतीची परवानगी मिळाली नाही, तो भाड्याच्या खोलीत गेला.' मी तिथे बसून रडले. आपण माळाला 'आपला' म्हणत राहिलो, आणि त्याचा भार एका घराने उचलला.

सातबारा, तुम्ही विचारलं नसतं तर मी गेलेच नसते.

सातबारा (९ जून, रात्री ८:५५)

ताई, तुम्ही गेलात हेच मोठं आहे. आईला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाईंना माझा नमस्कार सांग.

आता हरकत अशी लिहा: पालिकेच्या मालकीच्या गटावर मैदानाचं आरक्षण कायम ठेवावं. खासगी गटावरचं काढलंय ते तसंच राहू द्यावं. पालिकेची जागा पालिकेला विकत घ्यावी लागत नाही, त्यामुळे 'निधी नाही' हे कारणच उरत नाही. माझ्या मते तर ती जागा पहिल्या टप्प्यात विकसित करा असंही लिहा.

जुना_आरेखक (९ जून, रात्री ९:३०)

सातबारा, तुम्ही समितीवर असायला हवे होतात. हरकत आता खूप मजबूत झाली. आणि आजींच्या घरच्यांनी स्वतंत्र सूचना द्यावी, टेकडीवालांनी म्हटलं तशी: आमच्या गटावरचं आरक्षण वगळल्याला पाठिंबा, शेजारच्या सरकारी गटावर मैदान ठेवायला आमची संमती. ज्याची जमीन त्याने स्वतः शेजारच्या मैदानासाठी लिहिलंय असं मी ३१ वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

बोरकुट (९ जून, रात्री ९:४१)

डोळ्यांत पाणी आणलंत सगळ्यांनी मिळून.

माळावरची (२० जून, सायंकाळी ५:४८)

आज दिली. एकूण ६३ हरकती आणि सूचना, एकसारखी एकही नाही. मुख्याध्यापकांनी पटसंख्या आणि पटांगणाचं माप दिलं. खो-खोच्या मुलींनी फाटकापासून बायपासपलीकडच्या जागेपर्यंतची पावलं मोजली, २,१४० भरली, आणि ट्रक जाईपर्यंत किती वेळ थांबावं लागलं तेही घड्याळ लावून लिहिलं. त्यांनी काढलेला नकाशा सर्वांत सुंदर आहे, त्यात रस्त्याकडेची चिंचही आहे. अहवालातून एक गोष्ट सापडली: बायपासपलीकडचं नवं मैदान मोजून मोकळ्या जागेचा हिशेब पुरा केलाय, आणि बायपासच्या अलीकडे आमच्या भागात एकही मैदान उरत नाही. तो आकडा पान क्रमांकासकट दिलाय.

खिडकीतले भाऊ आधी 'गठ्ठा ठेवून जा' म्हणाले. आम्ही थांबलो. ६३ वेळा शिक्का मारता मारता त्यांनीच विचारलं, 'हे शाळेमागचं मैदान ना? मीपण तिथेच खेळलोय.' चौसष्टावं पत्र त्यांनी घरच्या पत्त्यावरून लिहिलं, बायकोच्या हस्ते देतो म्हणाले.

कट्टेकरी (२० जून, सायंकाळी ६:१०)

ताई, सुनावणीला सगळ्यांनी वेगवेगळं बोला, एकच मुद्दा परत नको. आम्ही तिथेच चुकलो होतो. ४२ जणांनी 'अन्याय आहे' एवढंच ४२ वेळा सांगितलं. माझा माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.

वाडीवस्ती (२० जून, रात्री ९:००)

आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय उठू नका!

माळावरची (२२ सप्टेंबर, दुपारी १:०५)

धागा वर काढते आहे. नियोजन समितीची नोटीस आली. सुनावणी पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजता, पालिकेच्या सभागृहात. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जाणकार. आमचे अनुक्रमांक ११८ ते १८१.

मुलींची त्या दिवशी चाचणी परीक्षा आहे, मुख्याध्यापकांनी ती बुधवारी घ्यायचं ठरवलंय. सातबारा, तुमची आई यायचं म्हणत होती ना, स्टँडवर आमचा माणूस असेल.

आजी येणार आहेत. त्यांचा क्रमांक ११८, म्हणजे सगळ्यांत आधी त्याच बोलतील. काल मला विचारत होत्या, उभं राहून बोलायचं की बसून चालेल.